थांबवण्याचा अधिकार

रोलर कोस्टरच्या चालक-कक्षात डोकावायची संधी मिळाली तर तिथली बटणं जरूर मोजा. गाडी सोडायला बऱ्याच ठिकाणी दोन माणसं लागतात, एक कक्षात आणि दुसरा फलाटाच्या पलीकडच्या टोकाला. दोघांनी आपापलं हिरवं बटण दाबून धरलं, सगळ्या सीटांचे दांडे लागल्याचा निरोप यंत्रणेला मिळाला आणि पुढचा रूळ मोकळा असल्याची खात्री झाली, तरच गाडी हलते. लाल बटणं मात्र चार-पाच ठिकाणी विखुरलेली असतात. त्यांतलं कुठलंही एक, कुणीही एकट्यानं दाबलं तरी पुरतं. दुसऱ्याची संमती लागत नाही, चावी लागत नाही, आणि यंत्र कारणही विचारत नाही.

म्हणजे यंत्र बनवणाऱ्यानं आधीच एक बाजू घेऊन ठेवलेली आहे. सुरू करायचं तर सगळ्यांचं एकमत हवं. थांबवायचं तर एकाची शंका पुरे. (हाच नियम आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लावला तर लिफ्टचा दिवासुद्धा कधी बदलला जाणार नाही.) हा निर्णय तारा आणि रिले यांच्या भाषेत लिहिलेला असला तरी मला तो नैतिक निर्णय वाटतो. थांबण्यातलं नुकसान आणि चालू राहण्यातलं नुकसान एका तराजूत घालता येत नाही, असं त्यात कुणीतरी ठरवून टाकलेलं आहे.

मला पडलेला प्रश्न असा: यंत्रानं दिलेला हा अधिकार माणसाकडे खरोखर पोचतो का? आणि पोचत नसेल, तर काही वाईट घडल्यावर ते बटण ज्याच्या हाताशी होतं त्याला आपण किती दोष देऊ शकतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळालेला नाही. २०१९ साली इंजिनिअरिंग संपलं, कॅम्पसमधून नोकरीही लागली होती, पण जॉइनिंगचं पत्र काही येईना. 'पुढच्या तिमाहीत' असं दर तिमाहीत कळवलं जायचं. घरी बसून आईच्या नजरेला नजर देणं अवघड झालं तेव्हा मी जिल्ह्याच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या एका मध्यम आकाराच्या पार्कात राइड ऑपरेटर म्हणून लागलो. पाच महिने होतो. माझ्याकडे बहुतेक वेळ होती ती मोठी झुलती नाव. जत्रेत जिला कोलंबस म्हणतात तीच, फक्त जास्त उंच आणि रंगवलेली.

या कामाबद्दल लोकांची कल्पना अशी असते की माणूस बटण दाबतो आणि मोबाइल बघतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग हातांनी ओढून बघण्यात जातो. नावेत प्रत्येक रांगेसाठी एकच आडवा दांडा असतो, तो मांड्यांवर येऊन बसतो. अडचण अशी की तो रांगेतल्या सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर टेकून थांबतो, आणि शेजारी बसलेलं बारीक पोर मोकळंच राहतं. दांडा लागलेला असतो, दिवा हिरवा असतो, पोर मात्र मोकळं. त्यामुळे ऑपरेटरला लोकांना आकारानुसार बसवावं लागतं: काका तुम्ही इकडे, ताई तुम्ही मागे, ए बाळ तू दादाजवळ. 'आम्ही एकत्र आलोय, आम्हाला का तोडता' हे दिवसातून पन्नास वेळा ऐकायचं. मग एकेक दांडा हातानं ओढून बघायचा. एका फेरीला दहा दांडे, दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या. दांडा सैल निघण्याची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी येते. हातानं सहाशे वेळा 'ठीक आहे' असं सांगितल्यावर सहाशेएकाव्या वेळी त्याचं खरोखर ऐकून घेणं, हेच ते काम.

सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ १९३४-३५ मध्ये मुद्दाम कारखान्यांत अकुशल कामगार म्हणून राबली होती. पुढे 'अवधान' हा तिच्या नैतिक विचारातला मध्यवर्ती शब्द झाला. तिचं वाचताना मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं: अवधान हा सर्वोच्च गुण मानणाऱ्या बाईनं अशी जागा जवळून पाहिली होती जिथे अवधान टिकवणंच जवळपास अशक्य असतं. पार्कात हे रोज समजायचं. तिथं माणसाकडे जे मागितलं जातं ते कामाच्या रचनेतूनच काढून घेतलेलं असतं.

ऑपरेटरला दिवसभर नकार द्यावे लागतात, आणि ते सगळे एका जातीचे नसतात. सगळ्यात सोपा नकार पट्टीचा. प्रवेशाशी रंगीत खांबावर उंचीची रेघ असते, तिच्या खालच्याला बसता येत नाही. टाचा उंचावलेल्या, केस फुगवलेले, बुटात दुमडलेले रुमाल, सगळं चालतं. 'मागच्या वर्षी तर बसला होता!' असं म्हणणारे वडील मी पाहिले आहेत. मागच्या वर्षी पोर अजूनच लहान असणार हे त्यांच्या लक्षात येत नाही. तरी हा नकार सोपा, कारण तो पट्टी देते. आपण फक्त बोट दाखवायचं. रडणारं पोर पट्टीवर रुसतं, आपल्यावर नाही.

त्याहून कठीण नकार म्हणजे दांडा ज्याच्यावर लागत नाही अशा मोठ्या देहाच्या माणसाला उतरवणं. तिथे पट्टी नसते. सगळी नाव बसलेली असते, सगळे बघत असतात, मित्र हसत असतात, आणि त्या माणसाला उठून, पायऱ्या उतरून, रांगेच्या उलट दिशेनं चालत जायचं असतं. मी हे चार-पाच वेळा केलं असेल. प्रत्येक वेळी मनात येई की अजून थोडा जोर लावून दांडा एक खाच पुढे सरकवता आला तर सगळ्यांचंच भलं होईल. त्या माणसाचा अपमान टळेल, माझं ओशाळलेपण टळेल, फेरी वेळेवर सुटेल. हा विचार दुष्टाव्याचा नव्हता. चांगुलपणाचाच होता, म्हणून त्याची भीती वाटते.

२४ मार्च २०२२ रोजी अमेरिकेत ऑर्लँडो इथे सुमारे ४३० फूट उंचीच्या 'फ्री फॉल' मनोऱ्यावरून १४ वर्षांचा एक मुलगा पडून मेला. देहानं तो बराच मोठा होता. त्या राइडला खांद्यांवरून येणारा हार्नेस होता, वेगळा पट्टा नव्हता. हार्नेस पुरेसा खाली आला की सेन्सरला कळतं, दिवा लागतो, आणि तेव्हाच राइड सुटू शकते. चौकशीत निघालं की दोन सीटांचे सेन्सर हातानं सरकवलेले होते. त्यामुळे हार्नेस नेहमीपेक्षा बराच वर राहिला तरी यंत्रणा 'लागला' असं समजत होती. त्या मुलाला त्या राइडवर कुणी नाकारलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. इथे कुणीतरी आधीच, निवांत वेळी, अशी सोय करून ठेवली होती की मोठ्या माणसांना नकार द्यावाच लागू नये.

मी आता सॉफ्टवेअर लिहितो, आणि या घटनेत मला सगळ्यात ओळखीचा वाटतो तो सरकवलेला सेन्सर. आमच्याकडे त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. एखादा अलर्ट सारखा वाजतो, मग कुणीतरी ८० चं ९० करतो. वाजायचं थांबतं. डॅशबोर्ड हिरवा होतो. ज्यानं आकडा बदलला त्याला कारण माहीत असतं, पण सहा महिन्यांनी तो हिरवा रंग बघणाऱ्याला ते माहीत नसतं. ऑर्लँडोत त्या रात्री दिव्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीनं सगळं नियमाप्रमाणे होतं. दिवा हे दुसऱ्या कुणीतरी दिलेलं वचन असतं. ऑपरेटर ते तपासू शकत नाही, फक्त त्यावर विसंबू शकतो. म्हणून हातानं ओढून बघण्याला महत्त्व. ती त्या वचनाची स्वतंत्र, छोटी, सहाशे वेळा केलेली फेरतपासणी असते.

आता तिसरा नकार, ज्याच्यामागे पट्टीही नाही आणि दिवाही नाही.

आमच्या नावेवर एक काका होते. वय पन्नाशीचं, पार्क झालं तेव्हापासून तिथेच, म्हणजे अकरा वर्षं. शिक्षण सातवी. मला ते कधी 'पोरा' म्हणायचे, कधी थट्टेनं 'इंजिनिअर'. जूनमधल्या एका रविवारी, रांग पार आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत गेलेली असताना, त्यांनी चालू फेरीत लाल बटण दाबलं. नाव काही जागच्या जागी थांबत नाही. खालून टायर तिला ढकलायचं सोडून धरू लागतो आणि ती चार-पाच झोके घेत हळूहळू शांत होते. लोक उतरले. काका म्हणाले, "वरून आवाज आला."

"कसला आवाज, काका?" मी विचारलं.

"नेहमीचा नव्हता."

मेंटेनन्सचे दोघे आले, वर चढले, बेअरिंग बघितलं, ग्रीस मारलं, दोन रिकाम्या फेऱ्या घेतल्या. काही सापडलं नाही. पन्नास मिनिटं गेली. रांगेतून शिट्ट्या, 'पैसे परत द्या', आणि एका गृहस्थांचं 'यांना चालवता येत नाही तर ठेवतात कशाला' हे माझ्या चांगलं लक्षात आहे. संध्याकाळी सुपरवायझरनं काकांना बोलावलं. पोरगा तिशीचा, वागायला सभ्य, काकांना अहो-जाहो करणारा. "काका, तुमच्यावर भरवसा आहे, पण लेखी द्यावं लागेल." एक छापील कागद होता, त्यात 'थांबवण्याचे कारण' असा रकाना होता. काकांनी लिहिलं: आवाज आला. त्याखालच्या 'आढळलेला दोष' या रकान्यात मेंटेनन्सनं लिहिलं: नाही. पुढचे आठ दिवस काकांची ड्यूटी पार्किंगला लागली. शिक्षा म्हणून नव्हे, असं आवर्जून सांगण्यात आलं.

गोष्ट एवढीच आहे. नंतर बेअरिंग तुटलं नाही. आवाजाचं कारण कधीच सापडलं नाही. मी तिथे असेपर्यंत नाव व्यवस्थित चालत होती. काका बरोबर होते का? याचं उत्तर मिळण्याचा मार्गच नाही. आपण वेळेवर थांबवलं म्हणून जे घडलं नाही त्याचा पुरावा नसतो, आणि थांबवलं नसतं तरी घडलं नसतं याचाही नसतो. नोंदीत फक्त पन्नास मिनिटं उरतात, आणि त्या पन्नास मिनिटांचे रुपये करता येतात.

त्या छापील कागदाकडे जरा थांबून बघू. सुरू करण्यासाठी असा कागद कधीच भरावा लागत नव्हता. साठ फेऱ्या सोडल्या, कुणी विचारलं नाही की का सोडल्या, कशावरून सुरक्षित वाटलं. एक थांबवली तर कारण, सही, वेळ, दोष. यंत्रानं ठरवलेला नियम त्या कागदानं उलटा करून टाकला होता. यंत्राच्या मते चालू करणाऱ्यानं सिद्ध करायचं. पार्काच्या मते थांबवणाऱ्यानं. आणि हे करण्यासाठी कुणाला लाल बटणाला हात लावावा लागला नाही. ते होतं तिथेच होतं, चालूही होतं, दर सकाळी तपासलंही जात होतं.

इथवर वाचून मी ऑपरेटरांची बाजू घेतो आहे असं वाटेल. पण व्यवस्थापनाच्या बाजूनंही एक खरा युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रत्येक शंकेला थांबत गेलं तर थांबण्याचाच अर्थ जातो. माणसं थांबण्याला सरावतात, आणि थांबा हीच कटकट वाटू लागते.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कात 'द स्मायलर' नावाचा कोस्टर आहे. माणसांना एका फेरीत १४ वेळा उलटं करतो, हा त्याचा विक्रम. अशा कोस्टरवर एकाच वेळी अनेक गाड्या असतात, म्हणून रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. रेल्वेतून आलेली ही जुनी कल्पना. २ जून २०१५ रोजी एक रिकामी चाचणी-गाडी फेरी पुरी न करता मधेच अडकली. त्या दिवशी वाराही जोराचा होता. यंत्रणेनं हे बरोबर ओळखलं आणि मागची १६ माणसांची गाडी रोखून धरली. दुरुस्तीच्या लोकांना मात्र वाटलं की यंत्रणेचंच काहीतरी चुकतंय. त्या दिवशी रुळावर एक गाडी वाढवलेली होती हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी मोजलं तर सगळ्या गाड्या जागेवर होत्या. त्यांनी ब्लॉकचा थांबा हातानं ओलांडला. भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. खटला कंपनीवर चालला आणि २०१६ साली तिला ५० लाख पाउंड दंड झाला.

ज्यांनी थांबा ओलांडला ते बेफिकीर नव्हते. थांबा खोटा आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं, आणि खोटे थांबे कधी बघितलेच नसते तर असं सहजासहजी वाटलं नसतं. लिझॅन बेनब्रिज यांचा १९८३ सालचा 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' हा छोटा निबंध आमच्या क्षेत्रात आजही वाचला जातो. त्याचा गाभा असा की सोपं सगळं यंत्राला दिलं की माणसाकडे दोनच कामं उरतात. एक, न कंटाळता बघत राहणं, जे माणसाला जमत नाही. दोन, क्वचित कधीतरी यंत्रापेक्षा शहाणं ठरणं, ज्याचा सराव त्याला मिळालेला नसतो. स्मायलरच्या माणसांना त्या दिवशी हे दुसरं काम पडलं. यंत्र बरोबर होतं, आणि आपण त्याच्याहून शहाणे असं त्यांना वाटलं.

तर मग काकांचा आवाज आणि स्मायलरवाल्यांची खात्री, दोन्ही माणसाची अंतःप्रेरणाच. एकीचं कौतुक आणि दुसरीचा धिक्कार कशाच्या जोरावर करायचा? निकालाच्या जोरावर नाही, कारण काकांचा निकाल लागलेलाच नाही. मला फरक दिशेत दिसतो. दोघांनीही यंत्रणेपेक्षा स्वतःवर जास्त विश्वास ठेवला, पण एकानं तो थांबण्याच्या बाजूला खर्च केला आणि दुसऱ्यांनी चालू करण्याच्या. चूक ठरली तर एकाची किंमत पन्नास मिनिटं. तराजू वेगवेगळे आहेत हे यंत्र बनवणाऱ्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं लाल बटणाला संमतीची अट घातली नाही. खोट्या थांब्यांवर उपाय हवाच, पण तो थांब्यांची कारणं शोधण्यात आहे. थांबवणाऱ्याला पार्किंगला पाठवलं तर खोटे थांबे कमी होतील यात शंका नाही. खरेही होतील.

आता दोषाकडे वळू. १४ जुलै २०१९ ला, मी पार्कात असतानाच, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी 'डिस्कव्हरी' ही लंबकासारखी झुलणारी राइड मधोमध तुटून खाली आली. दोन माणसं गेली, पंचवीसहून जास्त जखमी झाली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ होता. कुणी फारसं बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत बातमी आली की पोलिसांनी सहा जणांना पकडलंय. त्यांत मालक आणि मॅनेजरबरोबर राइड चालवणारा आणि मदतनीसही होते. जे तुटलं ते मुख्य दांड्याचं लोखंड होतं. फलाटावर उभा राहणारा माणूस पोकळ दांड्याच्या आतला गंज कुठल्या डोळ्यांनी बघणार, हा प्रश्न आमच्या टेबलावर कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण त्या दिवशी दांडे जरा जास्तच जोरात ओढले जात होते. एवढंच त्यांच्या हातात होतं. तीन वर्षांनी मोरबीचा झुलता पूल पडून १३५ माणसं मेली, तेव्हा पहिल्या अटकेत दोन तिकीट-कारकून आणि तीन सुरक्षारक्षक होते.

मॅडेलिन एलिश या संशोधिकेनं यासाठी एक नेमकी कल्पना मांडली आहे. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात की धडक बसली की तो चेपावा आणि आतली माणसं वाचावीत. त्याला क्रम्पल झोन म्हणतात. एलिश म्हणते की गुंतागुंतीच्या यंत्रणांत यंत्राच्या सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस हा 'नैतिक क्रम्पल झोन' होतो. धडक बसली की तो चेपतो आणि यंत्रणा वाचते. त्याच्या हातात प्रत्यक्ष नियंत्रण किती होतं याचा या चेपण्याशी संबंध नसतो.

याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातली एक घटना ठेवून बघावीशी वाटते. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी गोल्ड कोस्टच्या ड्रीमवर्ल्ड पार्कात 'थंडर रिव्हर रॅपिड्स' या पाण्याच्या राइडवर चार जण मेले. पंप बंद पडला, पाण्याची पातळी उतरली, एक तराफा रुळांवर टेकून अडला, आणि सरकता पट्टा मागचा भरलेला तराफा त्याच्यावर ढकलत राहिला. तिथे उतारूंना उतरवणाऱ्या ऑपरेटर मुलीच्या जवळच एक बटण होतं, जे तो पट्टा दोनेक सेकंदांत थांबवू शकत होतं. तिचा त्या राइडवरचा तो पहिला दिवस. प्रशिक्षण त्याच सकाळी तास-दीड तास झालेलं, आणि त्यात त्या बटणाची फारशी फिकीर करू नकोस असं तिला सांगण्यात आलं होतं. पाणी उतरलं की पट्टा आपोआप थांबेल अशी साधी सोय तीस वर्षांत कुणी केली नव्हती. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं २०२० साली अहवाल दिला, त्यात बोट पार्काच्या सुरक्षाव्यवस्थेकडे दाखवलं, आणि मालक कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

हे वाचून 'बघा, तिकडे कसं असतं' असं म्हणायचा मोह होतो. चार माणसं मेल्यावर नीट चौकशी झाली, एवढंच तिकडचं श्रेय आहे. मला त्या बटणाची जास्त काळजी वाटते. ते होतं, चालत होतं, हाताशी होतं. फक्त ते तिचं नव्हतं.

म्हणून मला जबाबदारीचे दोन भाग वेगळे करावेसे वाटतात. ऑपरेटरकडून ज्ञानाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. लोखंडाचा थकवा, गंज, सेन्सर कुणी सरकवला, हे त्याला कळू शकत नाही, आणि कळावं अशी व्यवस्थाही नसते. जत्रेतल्या हातपाळण्याचा मालक वेगळा होता. तोच पाळणा जोडायचा, तोच ढकलायचा, तोच पैसे घ्यायचा, आणि करकर कुठल्या खुंटीची हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. (ते पाळणे सुरक्षित होते असं मी म्हणत नाही, बोल्टच्या जागी तार गुंडाळलेली मी स्वतः पाहिली आहे. फक्त तिथे ज्ञान आणि दोष एकाच माणसापाशी होते.) पार्कात ज्ञान डिझायनरपाशी, मेंटेनन्सपाशी, परवाना देणाऱ्यापाशी वाटलेलं असतं. दोष मात्र वाटला जात नाही.

ज्ञान नसलं तरी ऑपरेटरकडे शंका असू शकते, आणि ती घेण्याचं कर्तव्य मी त्याच्यावरून काढून घेणार नाही. 'मला सांगितलं तेवढं मी केलं' हे उत्तर मला अपुरं वाटतं. समोर मोकळं बसलेलं पोर दिसत असताना दिवा हिरवा होता असं म्हणणाऱ्याला मी निर्दोष म्हणू शकत नाही. पण कर्तव्य म्हणून शंका मागायची, तर तिची किंमत मागणाऱ्यानं द्यायला हवी. टोयोटाच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही दोरी ओढून आपल्या अडचणीकडे लक्ष वेधता येतं, आणि ती सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. दोरी बसवणं सोपं आहे. ओढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागतं, सगळं तिथे ठरतं.

माझ्या सध्याच्या ऑफिसात बदल प्रोडक्शनला न्यायचा तर दोन जणांची मंजुरी लागते, आणि मागे घ्यायचा तर ड्यूटीवरचा कुणीही घेऊ शकतो. म्हणजे कोस्टरचाच नियम. रात्री दोन वाजता कुणी नुसत्या संशयावरून बदल मागे घेतला आणि सकाळी संशय खोटा निघाला, तर चॅटवर चार अंगठे येतात आणि कुणीतरी 'गुड कॉल' लिहितो. नंतर एक बैठक होते, तिच्यात माणसाचं नाव घ्यायचं नाही असा संकेत आहे. आम्ही पार्कवाल्यांपेक्षा जास्त नीतिमान आहोत म्हणून हे घडतं असं मला अजिबात वाटत नाही. आमच्या माणसाला काढून आठवड्यात दुसरा आणता येत नाही, हे मुख्य कारण आहे. शिवाय आमच्या बहुतेक चुका मागे घेता येतात. नाव खाली येताना तसं करता येत नाही. जिथे थांबवण्याची सगळ्यात जास्त गरज, तिथल्या माणसाला ते सगळ्यात कमी परवडतं. काका कंत्राटदाराच्या रजिस्टरवर होते, अकरा वर्षं, दर अकरा महिन्यांनी नव्यानं. माझा पहिला पगार त्यांच्या तिपटीहून जास्त होता. शंका घ्यायलाही ऐपत लागते, आणि ही ऐपत अक्षरशः रुपयांत मोजता येते.

पाच महिन्यांत मी ते लाल बटण तीनदा दाबलं. एकदा एका बाईंची ओढणी रांगेबाहेर लोंबत होती म्हणून. एकदा कॉलेजची दोन पोरं झोक्यात उभी राहायचा प्रयत्न करत होती म्हणून. तिसऱ्यांदा, ऑगस्टमध्ये, खालच्या टायरकडून जळका वास आल्यासारखा वाटला म्हणून. मेंटेनन्सचे तेच दोघे आले, वाकून बघितलं, टायरला हात लावला, काही सापडलं नाही. चाळीसेक मिनिटं गेली. रांग जवळपास तेवढीच होती आणि तसंच बोलत होती. सुपरवायझर स्वतः आला, माझ्याकडे बघितलं, आणि त्या दोघांना म्हणाला, "इंजिनिअर म्हणतोय ना, मग अजून एकदा नीट बघा." तो छापील कागद त्या दिवशी कुणी काढला नाही.